अल कुसैसच्या गॅलरीतली अंबाडी

दुबईत अल कुसैसच्या आमच्या घराला एकच गॅलरी होती आणि घरातलं सगळं नकोसं तिथे जायचं. ओले टॉवेल तिथे, मुलाची मोडकी सायकल तिथे आणि वैतागले की मीही तिथेच. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. सकाळी हे ऑफिसला आणि मुलगा शाळेच्या बसने गेला की दुपारपर्यंत माझ्याशी बोलायला फक्त एसी. तो निदान गुरगुरायचा तरी. माहेरी, लातूरकडे, मला सगळे रेडिओ म्हणायचे. इथे दुपारी फोन वाजला तर पहिला हॅलो घशातच अडकायचा, इतका वेळ तोंड मिटलेलं असायचं.

तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये मी अंबाडी लावली. आमच्या भागातल्या दुकानांत मेथी मिळायची, पालक मिळायचा, अंबाडी मात्र कधी दिसली नाही. मला ती हवीच होती. कण्या आणि तुरीची डाळ घालून घोटलेली, वरून लसणाची चरचरीत फोडणी, सोबत भाकरी. सुट्टीहून येताना आईकडून बी आणलं होतं, रुमालाच्या गाठीत. तेलाचे रिकामे डबे आणि दह्याच्या मोठ्या बादल्या जमवल्या, गॅसवर तापवलेल्या स्क्रू ड्रायव्हरने त्यांना बुडाशी भोकं पाडली. समोरच्या मैदानातली वाळू आणून भरली, फुकटची म्हणून. तिच्यात इतका खार की वर आलेला कोंब आठवड्यात करपला. मग नर्सरीतून मातीच्या पिशव्या आणल्या. पाणी एसीचं. एसीच्या नळीखाली बादली ठेवली की दमट दिवसांत ती दुपारपर्यंत भरायची, आणि ते पाणी गोडं असायचं.

अंबाडी उन्हाला भीत नाही. एप्रिलमध्ये तिने पानं धरली, मे महिन्यात मी पहिली भाजी केली. हे ठाण्याचे, गोड आमटीवर वाढलेले. एक घास खाऊन म्हणाले, "चिंच जरा जास्त झाली का गं?" त्यात चिंच नव्हतीच. मुलाने ताट लांब सारलं. "आई, प्लीज, नॉट दॅट ग्रीन थिंग अगेन." अगेन कसलं, पहिल्यांदाच तर केली होती. ती भाजी मी एकटीने दोन दिवस खाल्ली. स्वतःपुरती भाजी करण्यासारखं उदास काम दुसरं नाही, पण मी ती करत राहिले.

जुलै आला आणि इमारत ओस पडली. शाळा बंद झाल्या की सगळ्या बायका मुलांना घेऊन भारतात जायच्या. आम्ही त्या वर्षी गेलो नाही. जिन्यात कुणाच्या चपला दिसेनात, लिफ्ट बोलावली की लगेच यायची. समोरच्या इमारतीतही आमच्या बरोबर समोर एकच गॅलरी जागी होती. तिथे एक बाई उभी राहायची. माझ्यापेक्षा लहान, लांब वेणी, रोज सकाळी तासभर तरी. ती माझ्याकडे पाहायची नाही, माझ्या डब्यांकडे पाहायची. अगदी टक लावून. मी कपडे वाळत घालताना मुद्दाम तिच्याकडे रोखून पाहिलं की ती मान फिरवायची. मला राग यायचा. बघायचंच आहे तर हसून बघ ना, इथे कोण कुणाचं नातेवाईक आहे? एकदा रात्री जेवताना ह्यांना मी हे सांगितलंही. तेव्हा ते नुसतं हं म्हणाले होते.

एका शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, ह्यांचे ऑफिसमधले एक मित्र जेवायला आले. गिरगावचे. बायको-मुलं सुट्टीवर गेलेली, हे महाशय महिनाभर हॉटेलचं खाऊन कंटाळलेले. मी मटकीची उसळ, भात आणि हट्टाने अंबाडीची भाजी केली होती. म्हटलं, कुणीतरी नवा माणूस खाऊन बघेल. त्यांनी भाजी ताटाच्या कडेला ठेवून दिली आणि जेवण झाल्यावर सिगारेट ओढायला गॅलरीत गेले. गेले तसे आत आले.

"वहिनी, हे काय लावलंय तुम्ही?"

"अंबाडी. आत्ता तुम्ही खाल्ली नाहीत ती."

"अहो, पान बघितलंत का? सेम टू सेम गांजा दिसतोय."

कोवळेपणी अंबाडीचं पान साधं, गोलसर असतं. झाड वाढलं की त्याला बोटं फुटतात, लांब, कातरलेल्या कडांची. माझी झाडं आता कठड्याच्या वर पोचली होती आणि प्रत्येक पान पंजा पसरून रस्त्याकडे तोंड करून उभं होतं. गांजाचं झाड मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी सिनेमात पाहिलं होतं.

"भाजी आहे ही. आमच्याकडे शेताच्या बांधावर असते," मी म्हटलं.

"आय नो, वहिनी. पण सीआयडीला हे कोण सांगणार? ते आधी उचलणार, टेस्ट नंतर करणार. जॉब, व्हिसा, सगळं खलास."

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. तिथे राहिलेल्यांना ही भीती वेगळी समजवावी लागत नाही. खसखस तिथे अफूत मोजतात, ती आणायची नाही, हे आम्ही पहिल्या प्रवासापासून घोकलेलं. एका दिवाळीला माझ्या आईने अनारसे बांधून दिले, तर ह्यांनी विमानतळाच्या दारात तो डबा भावाच्या हातात परत दिला होता. खसखशीवर थापलेले अनारसे. आई कितीतरी दिवस त्यावरून रुसली होती.

"ती समोरची बाई," हे एकदम म्हणाले, "रोज बघते म्हणालीस ना?"

म्हणाले होते. मीच, माझ्याच तोंडाने.

संध्याकाळी अंधार पडायच्या आत सगळं उपटलं. अंबाडी सहजासहजी मोडत नाही, तिच्या सालीचे दोर होतात. हे खोड पिरगाळायचे आणि साल लोंबत राहायची. शेवटी स्वयंपाकघरातल्या कात्रीने तुकडे केले. बारीक काटे टोचून ह्यांचे तळहात लाल झाले. मी मदत केली नाही. दारात उभी राहून म्हटलं, "अहो, निदान पानं तरी खुडून घेऊ द्या." ते म्हणाले, "अगं, वेड लागलंय का?" काळ्या पिशव्या भरून खाली म्युनिसिपालिटीच्या कचऱ्याच्या पेटीत गेल्या. उरलेलं बी त्यांनी संडासात टाकून पाणी ओढलं. मी त्या रात्री जेवले नाही. ह्यांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी, हे ऑफिसला गेल्यावर, बेल वाजली. दाराच्या भिंगातून पाहिलं तर समोरची बाई. लांब वेणी, हातात झाकणाचा स्टीलचा रिकामा डबा. मी वळून एकदा रिकाम्या गॅलरीकडे पाहून घेतलं. तरी दार उघडलं, कारण न उघडणं जास्त संशयाचं दिसलं असतं.

"दीदी, माफ करना," ती हिंदीत म्हणाली. "आप के बालकनी में गोंगूरा था ना? आज नहीं दिख रहा. काट लिया क्या?"

गोंगूरा म्हणजे आपली अंबाडीच, हे मला तिच्या रिकाम्या डब्याकडे पाहून समजलं. ती आंध्रची होती. तिच्या पोटाकडे आता माझं लक्ष गेलं.

"चौथा महीना है," ती म्हणाली. "कुछ खाया नहीं जाता. सिर्फ वही खट्टा खाने का मन होता है. रोज़ देखती थी. पूछने की हिम्मत नहीं हुई."

आमच्याकडे पोटुशीने काही मागितलं तर शेजारीण आपल्या ताटातलं काढून देते. नाही म्हणायची रीतच नाही. मी तिला आत ओढलंच जवळजवळ. फ्रिजमध्ये कालच्या भाजीची वाटी होती, गिरगावकरांच्या कृपेने उरलेली. गरम करते म्हटलं तर ती थांबली नाही. ओट्यापाशी उभ्यानेच, थंडगार, बोटांनी चाटूनपुसून तिने ती वाटी संपवली. मग रिकाम्या वाटीत फ्रिजमधल्या थंड बाटलीतलं पाणी ओतून तेही प्यायली. माझ्या हातचं असं कुणी खाल्लं नव्हतं तिथे. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"कल और मिलेगा?" तिने विचारलं.

मी खरं ते सांगितलं. सगळं उपटून टाकलं, पोलिसांच्या भीतीने, आणि तुमच्या भीतीने. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

"मैं भी आपसे डरती थी," ती म्हणाली. "आप इतना गुस्से से देखती थीं."

आम्ही दोघी पेटीपाशी गेलो. त्या उन्हात, ती पोटुशी, मी चपला उलट्या घालून. पेटी रिकामी होती, गाडी सकाळीच येऊन गेली होती. ती म्हणाली, जाने दो दीदी. तिचा डबा रिकामा जाऊ नये म्हणून मी त्यात लिंबाचं लोणचं भरून दिलं.

त्यानंतर रोज सकाळी आम्ही एकमेकींना हात करायचो, मधलं मैदान ओलांडून मोठ्याने बोलायचो. ती तिच्या आईची रीत सांगायची, मी माझ्या. रेडिओ पुन्हा सुरू झाला होता. पण सप्टेंबरमध्ये ती बाळंतपणासाठी माहेरी गेली आणि परत आली नाही. तिच्या नवऱ्याने अबू धाबीकडे नोकरी धरली, एवढं त्यांच्या नातूरकडून, म्हणजे वॉचमनकडून, कळलं. समोरच्या गॅलरीत पुरुषांचे शर्ट वाळू लागले.

डिसेंबरमध्ये ह्यांना सासूबाईंच्या आजारपणासाठी एकट्याने जावं लागलं. परत आल्यावर त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पुडी काढून माझ्या हातात दिली. अंबाडीचं बी. खसखशीच्या नावाने घाम फुटणारा हा माणूस ते कस्टममधून घेऊन आला होता. "लाव," म्हणाले. "उंच होऊ द्यायची नाही, बस." मी मार्चमध्ये लावली. पानांना बोटं फुटायच्या आत खुडायची, हा नियम.

पहिली भाजी केली तेव्हा ह्यांनी न सांगता दुसऱ्यांदा घेतली. वर चमचाभर साखर पेरून घेतली आणि डोळे बारीक करत सगळी संपवली. माझ्यासाठी खात होते, ते मला दिसत होतं, आणि त्यांच्याबद्दल माया वाटली. पण माझ्यासाठी खाणारा जवळ असला तरी माझ्याबरोबर खाणारी लांब गेली होती. जेवण झाल्यावर वाटीभर भाजी उरली. ती फ्रिजमध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला हात लावला नाही, बेल वाजेल म्हणून.