डॉलर म्हणजे श्री

कॉम्प्युटरच्या खोलीत माणसं कामाला बसतात असं तुम्हाला वाटत असेल, तर खुशाल वाटू द्या. नव्वदच्या दशकात लोणी देवकरच्या आमच्या कारखान्यात एसी त्या एकाच खोलीत होता, त्यामुळे येईल तो तिथंच टेकायचा. किस्से साठायला आणखी काय लागतं?

*

मशीन कपाटाएवढं, प्रोग्रॅम डेन्मार्कच्या पार्टनर कंपनीचे. त्यांच्या पुस्तकात प्रोग्रॅमच्या नावांत ए आणि ई एकमेकांना चिकटलेलं एक अक्षर होतं. आमच्या कीबोर्डवर ते नाहीच! आमचे साहेब पुण्याचे, डिग्रीवाले. कडाडले, "कीबोर्ड डिफेक्टिव्ह आहे, परत पाठवा!"

दुसरा आला, तोही तसलाच. शेवटी डेन्मार्कहून फोनवर कळलं, की मशीनच्या पोटात नुसता नंबर असतो. त्याच नंबरला त्यांचा स्क्रीन चिकटलेलं अक्षर दाखवतो आणि आमचा स्क्रीन हॅश. हॅश दाबला, प्रोग्रॅम चालू!

साहेब म्हणाले, "मी तेच म्हणत होतो."

*

आम्ही स्वतः केलेला पहिला प्रोग्रॅम चालू केला आणि लाइट गेली. शिपाई सोपानतात्या म्हणाले, "वर श्री लिवलं न्हाय, मग कसं व्हायचं?"

प्रोग्रॅमच्या नावात चालायची फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, आणि हॅश, डॉलर, ॲट असली दोन-चार चिन्हं. साहेबांनी मीटिंग घेतली, चक्क मीटिंग! ठरलं काय, तर डॉलर म्हणजे श्री. तात्या खूश. "लक्षुमीच हाय की ती!" तेव्हापासून आमच्या प्रत्येक फाइलच्या नावाआधी डॉलर.

*

तोच डॉलर डेन्मार्कच्या स्क्रीनवर त्यांचं अक्षर होऊन उगवायचा, डोक्यावर टिकली लावलेला ए. तिकडून फोन आला, "तुमच्या सगळ्या नावांत आमचं अक्षर! डॅनिश शिकलात की काय?"

गोऱ्या माणसाला 'नाही' म्हणायचं नाही, हा साहेबांचा धर्म. "येस सर! ऑल स्टाफ, सर!"

पुढच्या पार्सलपासून सगळी पुस्तकं डॅनिशमध्ये. घ्या!

*

मग बातमी आली, की मशीन पुण्याला हलवायचं की इथंच ठेवायचं ते ठरवायला डेन्मार्कचा माणूस येतोय. मशीन गेलं की आमच्या नोकऱ्या गेल्या. माझं तर लग्न ठरलेलं. इंदापूरच्या सासऱ्यांनी एसीतली नोकरी बघून होकार दिला होता.

पाहुणा आला आणि हसतमुखानं डॅनिशमध्येच सुरू झाला. साहेब नुसतं "येस सर, येस सर" करत राहिले. तेवढ्यात तात्या चहा घेऊन पुढं झाले. "परवासानं शिणला आसाल, पाव्हणं. आदी च्या घ्या. बाकीचं बगू निवांत."

पाहुण्यानं मान डोलावली आणि काहीतरी लांबलचक विचारलं. तात्यांनी उसाचं सांगितलं. त्यानं आणखी विचारलं. तात्यांनी धाकट्या सुनेचं सांगितलं. दुसरा चहा झाला, दोघं खळखळून हसले, आणि पाहुणा गाडीत बसून गेला.

आठवड्यानं रिपोर्ट आला. "मशीन लोणी देवकरलाच ठेवावं. स्टाफचं डॅनिश चांगलं आहे. चहा देणाऱ्या गृहस्थांचे उच्चार तेवढे जरा खेडवळ वाटले."