पश्चिमेच्या भिंतीवरचं डांबर

इथले अनुभव मी बरेच महिने गुपचूप वाचते. खरं सांगायचं तर विश्वास ठेवून नाही... प्रत्येक वेळी मनात एखादं साधं कारण शोधायचं आणि झोपून जायचं, अशी माझी सवय. या वेळी गोष्ट माझ्याच घरातली आहे, आणि कारण सापडलेलं नाही. माझं शिक्षण इंग्लिश मीडियममध्ये झालंय, लिहिताना काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं घर लोणावळ्यात, कुरवंड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. बैठं, चार खोल्यांचं. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, मी पुण्यात नोकरीला, त्यामुळे आई तिथे एकटी. तिला दमा आहे, आणि तिच्या खोलीची पश्चिमेची भिंत पावसाळाभर ओली असते. एप्रिलमध्ये ती बाथरूममध्ये पडली. उजवा हात प्लास्टरमध्ये. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आणखी एक पावसाळा या घरात नको." म्हणून जूनच्या आत घर विकून तिला माझ्याकडे आणायचं मी ठरवलं. आईने हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं.

मे महिन्यात मी रजा काढून घरी आले. एजंट घर बघून गेला. "मॅडम, बाकी ठीक आहे. बाहेरून छान क्रीम कलर मारून घ्या. पण ही काळी भिंत फोटोत चालणार नाही."

ती काळी भिंत म्हणजे पश्चिमेची. पावसाची झड आत मुरू नये म्हणून आमच्याकडे बरेच जण डांबर लावतात. बाबा दर मे महिन्यात स्वतः लावायचे, जमिनीपासून कमरेपर्यंत.

रंगाला कुरवंड्याचे दगडूभाऊ आले. एजंटचं म्हणणं सांगितल्यावर ते हसले. "त्याला म्हनावं, तू ऱ्हा हितं जुलैत, मंग सांग रंग कंचा."

आई खिडकीतून म्हणाली, "भाऊ, तिला नका सांगू. शाळेत वीज कशी पडते ते शिकवलं, भिंत कशी भिजते ते नाही शिकवलं."

दगडूभाऊंनी डांबर खरवडलं, प्रायमर मारला, दोन हात रंग दिला. भिंत स्वच्छ दिसायला लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती कमरेपर्यंत काळी होती.

मला वाटलं, जुनं डांबर उन्हाने रंगातून वर आलं असेल. दगडूभाऊंनी बोट लावून पाहिलं. बोट काळं झालं. "आतून आलेलं न्हाई हे, ताई. लावलंय कुनीतरी. ह्ये बगा, ब्रशचे वळ."

मी स्टोअररूम पाहिली. बाबांच्या डब्यातलं उरलेलं डांबर दगडासारखं घट्ट झालं होतं. ब्रश कडक. आईला तर साधा कंगवा धरता येत नव्हता.

"कोणी केलं असेल, आई?"

"मे संपत आलाय," ती म्हणाली. एवढंच.

दगडूभाऊंनी पुन्हा रंग दिला, पण गप्पा बंद झाल्या. जाताना म्हणाले, "आता मला बोलवू नगा."

रविवारी घर बघायला लोक येणार होते. शनिवारी मी आईला तळेगावला मावशीकडे मुक्कामाला नेलं. तिला थोडा बदल, असं कारण सांगितलं. खरं कारण, मला खात्री करून घ्यायची होती. गेटला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये.

रविवारी दहाला परतलो. एजंट आणि घर बघायला आलेलं जोडपं गेटबाहेर थांबलं होतं. कुलूप जसंच्या तसं. मी सगळ्यांना घराच्या बाजूने मागे नेलं.

या वेळी डांबर कमरेपाशी थांबलं नव्हतं. छपरापर्यंत होतं. आईच्या खोलीची खिडकी, गज, काच, सगळ्यावरून सलग. ओलं होतं, उन्हात चकाकत होतं.

"मॅडम, हे काय केलंत तुम्ही?" एजंट म्हणाला. ते जोडपं गाडीकडे वळलंसुद्धा.

कुणीतरी कंपाउंड चढून आलं असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं. पण कशासाठी? आणि खाली फरशीवर एक थेंबही नव्हता.

आई आत गेली होती. भर सकाळी तिच्या खोलीत अंधार. ती पलंगावर बसून खिडकीकडे बघत होती.

"चल ना आई, आजच निघू."

"आता झड नाही येणार आत," ती म्हणाली. "एवढं केलंय माझ्यासाठी... आणि मी निघून जाऊ?"

मी रडले, भांडले, डॉक्टरांना फोन लावून दिला. तिने विक्रीच्या कागदांवर सही केली नाही. आठवड्याने मी एकटीच पुण्याला आले.

आता जुलै आहे. दुसऱ्या एका पेंटरला विचारलं, रंगातल्या केमिकलने असं होतं का तेही विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं. उत्तर नाही. शेजारच्या काकू रोज आईकडे डोकावतात. त्या सांगतात, भिंत आतून कोरडी ठणठणीत आहे. खिडकी मात्र उघडत नाही.

आई फोनवर म्हणते, यंदा श्वास बरा आहे. एवढं वाक्य बोलताना ती दोनदा थांबते.