नलिनी मॅडमची रहस्यकादंबरी

देवासच्या नलिनी मॅडमना रहस्यकथांचा नाद होता आणि आमच्याकडे कुणाच्या नादाची टिंगल करायला वेळ कमी पडत नाही. त्या सोनकच्छच्या एका खासगी निवासी शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या, रोज बसने जा-ये करायच्या. स्टाफरूममध्ये कुणाचा डबा हरवला तरी, "मॅडम, आता तुम्हीच खुनी शोधा," म्हणून लोक खिदळत.

त्या हिवाळ्यात वसतिगृहातल्या नववी-दहावीच्या मुली आजारी पडू लागल्या. सकाळी डोकं ठणकायचं, उलट्या व्हायच्या, छाती दडपायची. दुपारी पुन्हा बऱ्या. दहा दिवसांत चौदा जणी. मग गावातले शहाणे कामाला लागले. प्राचार्यांना परीक्षेची भीती दिसली, एका पत्रकाराला मोबाइल. वॉर्डनबाईंनी दाराला लिंबू-मिरच्या टांगल्या. संस्थेचे अध्यक्ष गोपाळराव, जुन्या अधिकारी घराण्यातले, मिशीवर हात फिरवत म्हणाले, "अहो नलिनीबाई, नाटकं आहेत. एक पडली की दुसरी पडते."

पहिल्या तीन मुलींना मॅडमनी स्वतःही "नाश्ता नीट करत जा" एवढंच सांगितलं होतं. त्याची लाज त्यांना जन्मभर पुरेल.

मग कन्नौदची अंजू वर्गातच कोसळली. तिला इंदूरला नेलं. तिची मैत्रीण देवश्री रडत म्हणाली, "मॅडम, हमारे कमरे में सुबह लसणासारखा वास येतो."

शाळेत लसूण वर्ज्य होता. गोपाळरावांची सात्त्विक शिस्त. दुसऱ्या दिवशी मॅडम पहिल्या बसने आल्या आणि त्या खोलीत उभ्या राहिल्या. वास खरंच होता, आणि तो भिंतीतल्या पाइपाच्या भोकातून येत होता. भिंतीपलीकडच्या कुलूपबंद हॉलमध्ये गोपाळरावांचा गहू भाव चढण्याची वाट बघत पडला होता. किडीसाठी पोत्यांत विषारी गोळ्या ठेवल्या होत्या. त्यांतून सुटणारा वायू माणसालाही मारतो, हे मॅडमना ठाऊक होतं.

त्यांनी मुलींना बाहेर काढलं आणि लेखी तक्रार केली. दोन दिवसांत हॉल रिकामा झाला, वर चुनाही फिरला. मग चौकशी समिती आली, चहा प्यायली आणि 'मानसिक ताण' लिहून गेली. अंजू वाचली, पण जिना चढताना धापा टाकू लागली. तिची शाळा सुटली. मॅडमनाही घरी बसवण्यात आलं.

कुणी बातमी छापेना, तेव्हा त्यांनी कादंबरी लिहिली. नावं बदलली, भिंत, गहू, वास तसाच ठेवला. दोन वर्षांनी देवासच्या मराठी मंडळाने प्रकाशन ठरवलं आणि सवयीने अध्यक्षपद गोपाळरावांना दिलं. पुस्तक वाचण्याची सवय ना मंडळाला होती, ना गोपाळरावांना. मॅडमनी हरकत घेतली नाही.

गोपाळरावांनी वीस मिनिटं भाषण ठोकलं. "लेकरांना विष देणाऱ्या अशा नराधमाला भर चौकात उभं केलं पाहिजे!" टाळ्या पडल्या.

नंतर देवश्री एक पान वाचायला उठली. तिचं सगळं शिक्षण हिंदीत, मराठी ती अडखळत, एकेक शब्द सुटा वाचायची. त्यामुळे प्रत्येक शब्द नीट ऐकू आला. भिंत. भोक. गहू. अध्यक्षसाहेबांचा गहू.

गोपाळराव ताडकन उठले. "हे पुस्तक मी वाचलेलंच नाही!"

त्या संध्याकाळी ते बोललेलं एवढं एकच वाक्य खरं होतं.

मागच्या रांगेतून अंजूचे वडील उभे राहिले. "गोपाळभिया, तुम्ही नका वाचू. माझी पोरगी दम लागून जिन्यावर बसते, ती येऊन बघा."

गोपाळराव चपला शोधत बाहेर पडले. ज्या पालकांनी दोन वर्षं तोंड शिवून घेतलं होतं, त्यांतल्या नऊ जणांनी त्या आठवड्यात पोलिसांत जबाब दिले. गोळ्या ठेवणारा हमालही बोलला. गुन्हा नोंदला गेला, वसतिगृह बंद झालं.

खटला अजून चालू आहे. लोक आता सांगतात, आम्हाला तेव्हाच संशय आला होता. मॅडम अशांना उत्तर देत नाहीत. त्या दर तारखेला कोर्टात जातात आणि रविवारी कन्नौदला, अंजूला बारावीचं जीवशास्त्र शिकवायला.