माणसाळलेली मोटार

मोटारीच्या बॉनेटवर तो उघड्या पंजाने दोन थापा मारायचा, बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतात तशा, आणि म्हणायचा, "नई शे, नाना. माणसाळी." नवी आहे, माणसाळेल.

हा शब्द तो सगळ्यांना लावी. नवी चप्पल चावली, "माणसाळी." नवा कंपाउंडर रोग्यांवर खेकसला, "माणसाळी." तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्या तोंडचा एक ठरलेला शब्द ऐकला की आपली अर्धी काळजी उतरते. माझी पुरती उतरत असे. आज तो शब्द कोणी सहज बोलला तरी मी उठतो आणि दुसऱ्या कामाला लागतो.

तो आमच्या धुळ्याच्या धर्मार्थ दवाखान्याचा ड्रायव्हर. मी तिथला व्यवस्थापक. औषधांच्या बाटल्या, चादरी, कंदिलाचं तेल, सगळ्याची यादी माझ्या खिशात असे, आणि सकाळी फाटकात शिरलो की पहिलं काम तिच्यावर एकदा नजर फिरवायचं. लढाई सुरू होण्याच्या आधीची ही गोष्ट. साक्रीच्या पलीकडच्या डोंगराळ गावांतून रोगी आणण्यासाठी विश्वस्तांनी एक नवी कोरी छोटी लॉरी घेतली होती. पुढे दोघांपुरती जागा, मागे उघडा हौदा, त्यावर आम्ही ताडपत्रीचं छत घातलेलं. दिवाळीतल्या भांड्यासारखी चकचकीत. तिची पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले.

आणि पहिल्याच खेपेला पाय मोडलेल्या एका शेतकऱ्याने आमच्या दारात उतरताना हात जोडले. "मरेन, पण परत जाताना बैलगाडीतून जाईन."

गाडी आदळायची. नुसती आदळायची नाही, लाथा झाडायची. रस्त्यात खडा आला तरी मागचा माणूस वीतभर उडे. दिवस भरलेली एक बाई अर्ध्या वाटेत उतरली आणि पाठोपाठ येणाऱ्या छकड्यात जाऊन बसली. गावागावांत बोभाटा झाला की दवाखान्याची मोटार हाडं जोडायला नेते आणि वाटेत आणखी दोन मोडते. रोगी येईनात. विश्वस्तांपैकी एकाचा कापसाचा जिन होता. ते म्हणाले, "गाडी सुधारत नसेल तर दिवाळीनंतर माझ्या जिनात द्या. सरकीला दुखत नाही."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. गाडी गेली असती तर ती डोंगराकडची गावं पुन्हा बैलगाडीच्या वाटेवर आली असती, आणि अडलेली बाई बैलगाडीतून वेळेवर पोचत नाही, हे मी दारात उभा राहून पुष्कळदा पाहिलं होतं.

मी उपायांची यादी केली आणि एकेक करून पाहिला. चाकांतली हवा कमी केली. गाडी मऊ झाली, पण काट्यांनी टायर फुटले. कापसाची जाड गादी घातली. रोगी गादीसकट उडाला. मग दोरांनी बाज टांगली. तिच्यावर झोपवलेले एक गृहस्थ झुलून झुलून इतके ओकले की मूळ दुखणं कोणतं होतं ते डॉक्टरांना पुन्हा विचारावं लागलं. चाकांवरच्या कमानींतल्या पोलादी पट्ट्यांना, पाटे म्हणतात त्यांना, तेल पाजलं. कुरकुर थांबली, आदळणं तसंच.

शेवटी आग्रा रोडवरचा एक मिस्त्री म्हणाला, "दर कमानीतला एकेक पाटा काढून टाकू. गाडी लवचिक होईल." मी राजी होतो. ड्रायव्हर मात्र गाडीसमोर हात पसरून उभा राहिला.

"नही नाना! पाटा काढा म्हणजे बैलनी फासळी काढासारखं व्हई. माले हौद्यामा फळ्यास्ना ओटा करी द्या. खाले भुसा भरस, वर गादी टाकस. मंग पहा."

मला त्याचं कौतुक वाटलं. किती जीव आहे याचा गाडीवर, असं मनात आलं. मी फळ्या दिल्या.

पंधरवड्यात गाडी माणसाळली. माझा विश्वास बसेना, म्हणून एकदा साक्रीहून येताना मी स्वतः मागे आडवा झालो, शेजारी पाण्याने भरलेला तांब्या ठेवून. धुळ्याच्या वेशीत शिरलो तेव्हा फळीवर चार थेंब होते. तो खाली उतरला, तांब्यात डोकावला आणि लहान मुलासारखा हसला. "काय नाना? म्हनेल व्हतं ना?"

मी विचारलं, "पण सकाळी जाताना तर आदळत होती."

"सकायले तिनं आंग आखडेल ऱ्हास. येताना घरना रस्ता वळखस ती. बैल नही का वळखत?"

मी हसलो. तुम्हीही हसला असता.

तो नुसती गाडी हाकत नसे, हे सांगायलाच हवं. मागे बाई झोपलेली असली की प्रत्येक खळग्याआधी ओरडून सांगे, "अक्का, मोरी उनी! दांडी धरा!" रस्त्यावरची मोरी आली म्हणजे तर दोनदा. नेरजवळ एक बाई गाडीतच बाळंत झाली. त्याने गाडी लिंबाखाली लावली, शेतातून दोन बाया बोलावून आणल्या आणि स्वतः रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. त्या पोराला गावात अजून मोटऱ्या म्हणतात. म्हाताऱ्या रोग्यांना तो पाठीवर घेऊन आत आणी आणि खाली ठेवताना म्हणे, "उना बरं का आबा, आते कण्हा पोटभर." रोगी उतरले की रोज गाडी नदीवर नेऊन धुवी.

दिवाळी आली. विश्वस्तांच्या सभेत मी उभा राहून बोललो. गाडी राहिली. पुढे गावोगाव चावडीवर गेलो तेव्हा लोकांना मी माझ्या तोंडाने सांगितलं, "हा आमचा माणूस. याचा शब्द तो दवाखान्याचा शब्द."

उन्हाळा लागता लागता साक्रीकडची एक म्हातारी आली. तिची लेक आमच्याकडे बरी होऊन गेलेली. म्हातारी कोणाला दाखवायला आली नव्हती. कुठल्याशा लग्नाला धुळ्यात आली होती, तेवढ्यात वाट वाकडी करून आली. ओसरीवर टेकली, पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "नाना, मनी बाजरी गोड लागनी का?"

"तुमची कोणती बाजरी, अक्का?"

"दवाखानाले दिधेल ती. तुमना डायवर लई गया ना. म्हने, ज्यानं माणूस गाडीमा गयं त्यानी एक गोणी देवानी. गरीब दुखणाईतस्ले भाकर भेटस त्यानी." मग जरा लाजून म्हणाली, "पेरासाठे ठेयेल व्हती. निवडेल. म्हनीसन इचारं."

आमच्या दवाखान्यात कोणाला भाकर मिळत नसे. रोग्यांचे नातेवाईक अंगणात तीन दगड मांडून आपापलं रांधत. म्हातारीने अंगणाकडे पाहिलं. तिथे चुली धुमसत होत्या आणि बाया आपल्या फडक्यातलं पीठ काढत होत्या. तिने माझ्याकडे पाहिलं.

"मंग मनी बाजरी कोन खास?"

ती पुढे सांगू लागली, काही तक्रार म्हणून नाही, गावाकडची खबर म्हणून. "शेजारनी सून आडेल व्हती. तुमनी गाडी गावमा उभी व्हती. पन सासूकडे गोणी नव्हती ना. लाज वाटनी तिले. म्हने, रिता हातवरी कशी जाऊ? घरमाच ठेवं सूनले. पोर गयी, पोटनं बी गयं."

त्याच वेळी गाडी फाटकातून आत आली. नेहमीसारखी संथ, पाण्यावरून आल्यासारखी. त्याने एका म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन आत नेलं. तो परत येईपर्यंत मी हौद्यात चढलो, गादी बाजूला केली आणि फळी उचलली.

भुसा नव्हता. गोण्या होत्या, एकीला एक लागून, हौदाभर. प्रत्येकीचं तोंड निराळ्या लुगड्याच्या चिंधीने बांधलेलं. हिरवी, जांभळी, एक पार विटलेली.

तो येऊन चाकापाशी उभा राहिला. पळाला नाही. "नाना, मऊ गाडी तुमलेच जोयजे व्हती. नई गाडी वजनबिगर बठत नही. पाटे वझासाठेच करेल शेतस."

"हे तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"कोनता डायवरले मालूम नही?"

"मग वाळू भरायची होतीस. पांझरेच्या पात्रात वाळूला तोटा नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी काहीतरी खुळ्यासारखं बोललो असावं अशी त्याची नजर होती. "वाळूले कोन घेस, नाना?"

तेव्हा मला सगळं लागोपाठ कळलं. पाटा का काढू दिला नाही ते; ओझं पेलायला तो हवा होता. जाताना गाडी का आदळायची ते. रोगी उतरवल्यावर तो रोज नदीवर गाडी धुवायला का जायचा ते. वाटेत बाजारातल्या एका धान्याच्या अडत्याचं दुकान लागतं.

मी त्याला शेजारणीच्या सुनेचं सांगितलं. त्याचा हात बॉनेटवर थाप मारायला उचलला गेला आणि तसाच राहिला. "मी कोनलेच नही म्हनं नही," तो म्हणाला. "ती रिता हातवरी उनी असती तरी मी आनी असती. उचलीसन आनी असती, नाना."

आणि आणलीच असती. मी ज्याला ओळखत होतो तो माणूस तेवढ्यापुरता खरा होता. म्हणूनच मला आजही त्याला सरळ चोर म्हणून मोकळं होता येत नाही. चोराने नुसती बाजरी नेली असती. याने माझा शब्द नेला, आणि ज्यांच्या घरी बाजरी नव्हती त्यांच्या दारावर तो कडी म्हणून लावला.

म्हातारी ओसरीवरून सगळं पाहत होती. त्याने तिला पाहिलं, टोपी काढली, किल्ली माझ्या हातात दिली आणि फाटकातून चालत गेला. पुढे कोणी म्हणे बऱ्हाणपूरकडे लॉरी चालवतो, कोणी म्हणे नशिराबादला दिसला. मी चौकशी केली नाही.

गाडीतल्या गोण्या चिंध्या ओळखून ज्यांच्या त्यांना पोचवल्या. म्हातारीची गोणी त्यांत नव्हती; ती केव्हाच विकली गेली होती. तिच्यासाठी मी निवडलेली बाजरी घेऊन गेलो. तिने ती घेतली, आणि तिथेच, माझ्यासमोर, त्यातली अर्धी सूप भरभरून शेजारच्या उंबऱ्याशी ओतली. शेजारीण बाहेर आली नाही.

आता फळ्यांखाली पांझरेची वाळू असते. नवा ड्रायव्हर मुकाट्याने गाडी चालवतो, मोरी आली तरी ओरडत नाही. मी एकदा तांब्या ठेवून पाहिला. पाणी सांडत नाही. जाताना नाही, येताना नाही.

रोगी पुन्हा येऊ लागले आहेत, हळूहळू. पण डोंगराकडच्या बाया अजून गाडीत एकदम चढत नाहीत. दुखणं कितीही असो, आधी फळी उचलायला लावतात, गोणीचं तोंड सोडतात, आत हात घालून मूठभर वाळू बाहेर काढतात, बोटांतून गळू देतात, आणि मग पाय वर ठेवतात.