उरलेलं एकच अंडं

लॉकडाऊनमध्ये मी आयर्लंडमध्ये ड्रोहेडाला लेकीकडे अडकले होते, तेव्हा शेजारी एक धिप्पाड माणूस राहायचा. नाव विचारायचं राहूनच गेलं बघा. आपल्या पाळलेल्या कॉर्न स्नेकची अंडी तो घरात उबवत होता. बिनविषारी असतो म्हणे हा साप. बाकीची अंडी बुरशी लागून गेली, एकच उरलं होतं.

एका सकाळी त्याने कुंपणापलीकडून मला हाक मारली. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उबेची पेटी होती. अंड्याला चीर पडून इवलंसं डोकं बाहेर आलं होतं. दुसऱ्या दिवशी पाहते तर ते तसंच! साप दिसला की काठी शोधणारी मी, पण माझा जीव नुसता कासावीस झाला. मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "अरे बाबा, अडकलंय ते! सोल ना जरा!"

"नाही हो मिसेस," तो उघड्या खिडकीतून म्हणाला, "बलक अजून पोटात ओढून घेतोय तो. आत्ता बाहेर ओढला तर मरेल."

आणि आपले फावड्याएवढे हात त्याने काखेत दाबून धरले. नुसतं थांबायला एवढी ताकद लागते, हे मी तेव्हा पाहिलं.

संध्याकाळी पिल्लू आपसूक बाहेर सरकलं. बुटाच्या नाडीएवढं, तांबूस, ओलं. शेजाऱ्याने हळूच बोट पुढे केलं, तर त्या एवढ्याशा जिवाने मान मागे घेतली आणि बोटावर झडपच घातली! मी किंचाळले. तो मात्र रक्ताचा ठिपकाही नसलेलं बोट मला दाखवत हसत सुटला.

"चावला मला! बघितलंत? जगणार हा!"