डावा पाय

सुरतेत उधन्याच्या लूममध्ये ज्याची जवानी गेली त्याचे कान कारखान्यातच राहतात, असं म्हणतात. गजेंद्र मिस्त्री त्यातलाच. आपण हळू बोलतोय असं त्याला वाटायचं, आणि कोसाडच्या त्यांच्या बिल्डिंगीत खालच्या मजल्यावरची बाई "हो भाऊ" म्हणून उत्तर द्यायची.

साक्रीकडे डोंगराच्या पोटाशी त्यांचं वावर होतं. थोरला भाऊ भिकन ते कसायचा. दगड असे की नांगर लागला की ठिणगी उडावी. बैल म्हातारे झाले तेव्हा गजेंद्रनं मनावर घेतलं, की दादाला छोटा ट्रॅक्टर घेऊन द्यायचा. मग काय, लूमवर ज्याला त्याला विचारत सुटला. सुरत ताटासारखी सपाट, पण चढणीचं ज्ञान इथं प्रत्येकाकडे. तरी गड्यानं नीट ठरवलं. अंगानं अरुंद हवा, म्हणजे बांधावरून जाईल. बुटका हवा, म्हणजे उतारावर कलंडणार नाही. चारही चाकांना जोर हवा. सगळा विचार केला. चालवणारा तेवढा राहिला.

भिकनला त्यानं गावाहून बोलावून घेतलं आणि पर्वत पाटियाच्या पुढच्या एका शोरूमला नेलं. हवा तसाच लाल ट्रॅक्टर अंगणात उभा होता. विकणारा पोरगा गुजरातीत म्हणाला, काका, बसून तर बघा. भिकन हसला, टोपी सारखी केली, पण जागचा हलला नाही. तूच बस म्हणाला, तुलाच शोभतो. पुन्हा आग्रह झाला तसा चाकाचा रबर दाबत बसला.

गजेंद्रला राग आला. एवढं केलं, आणि हा गावंढ्यासारखा चाकं चाचपतोय. त्यानं भावाच्या कानाशी तोंड नेलं.

"बस ना दादा. लोके हसतस. ट्रॅक्टर शे, वाघ नही शे."

त्याच्या मते ते कानात होतं. शोरूममधली माणसं खरंच हसली. चहावाला कपबशा घेऊन थांबला.

भिकन खाली बघून काहीतरी बोलला.

"काय? जोरमा बोल ना."

भिकन पुन्हा पुटपुटला. गजेंद्रनं कानामागं हात धरला आणि पुन्हा तेच म्हणाला, जोरात बोल. मग भिकननं मान वर केली आणि सगळ्यांदेखत ओरडून सांगितलं:

"मना डावा पाय क्लच दाबत नही. बांधवरथून पडनू, तैपासून जोर नही. वावर दुसराले दिऊ नको, गजा."

आता कोणी हसलं नाही. फोनवर गजेंद्रच एकदा बोलून गेला होता, की तुझे हातपाय थकले की वावर निमबटाईनं, अर्ध्या वाट्यावर, दुसऱ्याला देऊन टाकू. म्हणून भिकननं पाय लपवला होता. आणि दिवाळीला चार दिवस गावी राहूनही या भावाला तो पाय दिसला नव्हता. थोरला ओट्यावरून उठत नाही, म्हणजे आता आरामाला आलाय, असंच तो समजला.

गजेंद्र ट्रॅक्टरशी उकिडवा बसला. क्लचचं पेडल हातानं दाबून बघितलं, सोडलं, पुन्हा दाबलं. लूमचा दांडा हातानं ओढतात, तसा दांडा याला बसवता येईल का, ते बघत होता. बघायचं एकदाच होतं, पण उठून भावाकडे तोंड करायचं जीवावर आलं होतं. शेवटी खालूनच म्हणाला,

"हातना दांडा बसाडसू. वावर तुच वाही."

भिकननं त्याच्या खांद्याचा आधार घेतला आणि एकेक पाय उचलत सीटवर चढला.

घरी गजेंद्रच्या बायकोनं, कुसुमनं, पाणी देत दिराला विचारलं, ट्रॅक्टर पसंत पडला का. भिकन म्हणाला, "गजानी बेस निवडा. मीच बसाले लाजनू."

थोरल्यानं असं पांघरूण घातलं, तसा गजेंद्र मोरीत गेला आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिला.