पारात कोंडलेला कडुलिंब

आमच्या ह्यांना झाडांचा नाद आहे असं लोक म्हणत. नाद कसला, ती नोकरी होती. निजाम सरकारच्या बागांच्या खात्यात हे झाडांच्या देखरेखीवर होते. कुठल्या झाडाची फांदी उतरवायची, कुठल्याच्या मुळाशी माती हलकी करायची, कुठल्याला पाणी तोडायचं, हे सगळं ह्यांच्या हुकमानं चाले. वकिलांच्या घराण्यात जन्मलेला माणूस सकाळी उठून झाडावर चढतो, याची गौलीगुड्यात, आमच्या मोहल्ल्यात, सगळ्यांना मोठी गंमत वाटे. सासऱ्यांना मात्र वाटत नसे. मुलगा काय करतो असं कोणी विचारलंच तर "सरकारात आहे" एवढं सांगून ते पानाचा डबा पुढे करत.

म्हणून हे कोणी गरीब बिचारे होते असं समजू नका. ह्यांच्याइतका बडबड्या माणूस मी जन्मात पाहिला नाही, आणि बडबड सगळी मुळांची. मुंजीला गेलो तरी मांडवाचा खांब कुठल्या मुळावर रोवलाय ते आधी बघणार, मग मुंजा. पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाला सांगणार, "लोकांना वाटतं मुळं खोल जातात. साफ खोटं! मुळं वरच्यावर पसरतात, वीतभर मातीत, कारण त्यांना हवा लागते." शेजारच्याला मठ्ठा हवा असे. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात मला हे तोंडपाठ झालं होतं.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, हायकोर्टात वकील. सगळं कामकाज उर्दूत, आणि त्यांची उर्दू ऐकायला दुसऱ्या खटल्यांचे पक्षकारसुद्धा दाराशी उभे राहत. मराठी मात्र घरापुरती. मराठीत चार ओळी लिहायच्या झाल्या की ते मला हाक मारत.

देश स्वतंत्र झाला तेव्हा आम्ही झालो नाही. आम्हाला वर्षभर उशीर झाला, आणि त्या वर्षात आम्ही बायका भीतीपोटी सोलापूरला जाऊन राहून आलो. मग फौज आली आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. ज्यांनी वर्षभर खिडकीची फट उघडली नव्हती तेच रस्त्यावर सर्वांत मोठ्यानं ओरडत होते. आमच्या आळीला तर असा चेव चढला की आळीचा स्वतःचा झेंडा हवा, आणि तो चौथऱ्यावर हवा. जागा ठरली वकीलसाहेबांचं अंगण. अंगणाच्या मधोमध जुना कडुलिंब होता. आमच्याकडे त्याला नुसतं लिंब म्हणतात.

मराठी माणसाला मोठं झाड दिसलं की त्याला पार बांधल्याशिवाय चैन पडत नाही. पुण्य लागतं म्हणे. झाडाला काय लागतं हे कोणी विचारत नाही. हे तेव्हा सरकारी कामावर औरंगाबादेला गेले होते, ते परत येईपर्यंत गवंड्यानं कंबरभर उंच दगडी पार बांधला, आत पडक्या भिंतींची माती बुंध्याला लावून ठासून भरली, वर शहाबादी फरशी बसवली. झेंड्याची काठी रोवायला एक खड्डा घेतला, तो नेमका सर्वांत जाड मुळावर. मग चुना, गेरू, पेढे. उद्घाटनाला मामंजींनी असं भाषण केलं की अर्ध्यांना कळलं नाही आणि सगळ्यांना रडू आलं.

ह्यांनी दारातूनच पाहिलं आणि हातातली पेटी खाली ठेवली.

"बाबा, तुम्ही झाडाचा गळा दाबलात."

"झाडाला गळा असतो?"

"असतो. बुंधा जमिनीला टेकतो तिथे. तो उघडा लागतो. साल कुजेल आता, मुळं गुदमरतील. दोन-तीन वर्षांत वरून वाळायला लागेल."

"मियाँ, या अंगणात तुमच्या खात्याची हुकमत चालत नाही," मामंजी म्हणाले. "दरख्वास्त खारिज."

त्यानंतर मामंजींवर जे आलं ते त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. मद्रासकडून, नागपूरकडून नवे अधिकारी आले, कोर्टात हळूहळू इंग्रजी शिरली. मामंजींना इंग्रजी वाचता यायची, पण बोलायला लागले की त्यांची जीभ अडखळे, आणि ज्या माणसानं उभ्या आयुष्यात शब्द शोधला नाही त्याला कोर्टात सगळ्यांदेखत शब्द शोधावा लागे. एक दिवस ते लवकर घरी आले आणि पुन्हा गेले नाहीत. सकाळी मात्र शेरवानी घालायचे, टोपी चढवायचे आणि पारावर येऊन बसायचे. आळीची भांडणं तिथे यायला लागली. नळावर आधी कोणाची घागर, कोणाच्या शेळीनं कोणाचा पालक खाल्ला. मामंजी दोन्ही बाजू ऐकून फैसला द्यायचे, अस्सल उर्दूत. लोक खरं तर त्यांचा मान ठेवायला यायचे. मी चहा नेऊन द्यायची. पार नसता तर त्या माणसाला सकाळी जायला जागा नव्हती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

आणि लिंब वरून वाळायला लागला. शेंड्याच्या फांद्या उघड्या पडल्या, पानं बारकी, पिवळी यायला लागली. पाडव्याच्या आदल्या दिवशी शेजारची तेलुगू बाई दरवर्षीप्रमाणे उगादीच्या कडू-गोड पच्चडीसाठी लिंबाची फुलं न्यायला आली. तिनं वर पाहिलं आणि मला म्हणाली, "काय वो अक्का, यंदा पुव्वूच नाही? झाडाला नजर लागली काय?"

नजर कसली लागतेय! हे रोज संध्याकाळी फरशीच्या फटीत बोटं घालून बुंध्याची साल नखानं खरवडून बघायचे आणि काही न बोलता आत यायचे. हे काही बोलत नाहीत म्हणजे मामला गंभीर.

"काढा मग तो पार," मी म्हटलं.

"आणि बाबांना कुठे बसवू?"

"झाड मरेल की हो!"

"मरू दे," हे म्हणाले. "त्यांच्याआधी पार जायला नको."

मला संताप आला. ज्या बापानं मुलाच्या कामाचं कधी नावसुद्धा घेतलं नाही, त्याच्यासाठी हा माणूस झाडाचा जीव द्यायला निघाला होता. आणि त्याच वेळी माझा ह्यांच्यावर असा जीव जडला की लग्नानंतर तेवढा कधी जडला नव्हता. मी आत जाऊन भांडी आपटली. दुसरं काय करणार?

एका सकाळी हे सायकल काढत होते. पारावरून मामंजींनी विचारलं, "का रे, या लिंबाला काही झालंय का?"

"नाही बाबा. उन्हाची झळ आहे."

"आणि मुळं?"

"मुळं ठीक आहेत," हे म्हणाले आणि पंप शोधायला मागे गेले.

मी चहा घेऊन उभी होते. मामंजींनी कप घेतला नाही. "सूनबाई, हा खोटं बोलतोय," ते म्हणाले. "माझी अख्खी जिंदगी गवाहांची तोंडं बघण्यात गेली. आणि हा माणूस मुळांवर दोन शब्द बोलून गप्प बसतो? का बोलला खोटं?"

मी सासऱ्यांना उलट उत्तर कधी दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं. "तुमच्यासाठी," मी म्हटलं. "तुम्ही बसता म्हणून."

त्यांनी खालची फरशी बोटांनी वाजवून पाहिली. मग उठले, शेरवानी उतरवली, झेंड्याच्या काठीला अडकवली, आणि न्हाणीघरामागची पहार घेऊन आले. पहिली फरशी त्यांच्यानं हलेना. हे पंप घेऊन आले तेव्हा बाप सदऱ्यात, घामाघूम, फरशीच्या फटीत पहार घालून तिच्यावर लोंबकळत होता.

"बाबा, काय चाललंय?"

"अपील मंजूर झालंय," मामंजी म्हणाले. "बघत काय उभा राहिलास? धर इकडून."

दगड दोघा मजुरांनी काढले, पण बुंध्याजवळची माती ह्यांनी कोणाला हात लावू दिली नाही. खुरपं आणि बोटं. खाली साल काळी पडली होती, तिला आंबूस वास येत होता. एक मूळ बुंध्यालाच आवळून वळलं होतं, ते ह्यांनी पटाशीनं तोडलं. मामंजी शेजारी उकिडवे बसून विचारत होते. हे मूळ का तोडलंस? ते का ठेवलंस? आणि हे एकेकाचं कारण सांगत होते. झेंडा गच्चीवर गेला आणि तिथे तो जास्त लांबून दिसायला लागला. लिंब पुढे अर्धा वाचला. एक बाजू उतरवावी लागली.

पण मला आठवते ती पार काढल्यानंतरची सकाळ. मामंजी सवयीनं शेरवानी, टोपी घालून बाहेर आले. अंगणात उघडी माती, आणि तिच्यावर पाय ठेवायची ह्यांची सक्त मनाई. ते पायरीवर उभे राहिले. कुठे बघावं ते त्यांना कळत नव्हतं. मला बघवेना.

हे सायकल घेऊन निघाले होते, ते थांबले. "बाबा, येता का? नल्लकुंट्यात एक पिंपळ आहे. त्यालाही पार बांधलाय. मालक काढायला तयार नाही."

"तू काय सांगितलंस त्याला?"

"खरं ते सांगितलं. हवा, साल, मुळं."

"म्हणून तयार नाही," मामंजी म्हणाले. "तू मध्ये बोलू नकोस. बहस मी करतो."

शेरवानीचा घोळ गोळा करून ते सायकलवर मागे बसले. "पण आधी मला नीट सांग, त्या झाडाला झालंय काय?"

हे सांगायला लागले. सायकल गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत हे सांगतच होते, आणि मामंजी ऐकत होते.